नकली मोटारी आणि असली कारागीर

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची यात्रा भरली म्हणजे आमच्या तळोद्याकडील पुष्कळ मंडळी तापीकाठी घोडे पाहावयास जातात. घेणारे थोडे, पाहणारे फार. परंतु जो खरोखर घेणारा असतो त्याचे वर्तन मोठे पाहण्यासारखे असते. तो घोड्याचा जबडा उघडून दात पाहतो, अंगावरचे भोवरे न्याहाळतो, खूर उचलून दाखवावयास सांगतो, चार पावले चालवून व मग दौडवून पाहतो. आणि एवढे सर्व करूनही व्यापाऱ्याने सांगितलेल्या किमतीवर काडीचा विश्वास ठेवीत नाही. हाच गृहस्थ, किंवा शहरात शिकून आलेले त्याचे चिरंजीव, जेव्हा लक्षावधी रुपये मोजून जमिनीस टेकलेली, तांबड्या रंगाची, दोन बैठकींची ‘स्पोर्ट्स कार’ खरेदी करतात, तेव्हा मात्र दात पाहण्याची कोणास आठवण होत नाही. घोड्याच्या बाबतीत शहाणा असलेला मनुष्य घोड्याचे चित्र लावलेल्या मोटारीच्या बाबतीत इतका भोळा कसा होतो, हे कोडे आम्हांस पुष्कळ दिवस सुटले नव्हते. आमच्या एका स्नेह्यांच्या अनुभवाने ते सुटले, आणि त्याबरोबरच दुसरे एक अधिक कठीण कोडे आमच्यापुढे उभे राहिले. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या कोड्याविषयी आहे.

या स्नेह्यांनी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून अशी एक गाडी घेतली. तिच्या नाकावर एका जगप्रसिद्ध इटालियन कारखान्याचे चिन्ह होते, दरवाजे पक्ष्याच्या पंखांसारखे वर उघडत, आणि आवाज असा की बाजारातील गुरे दावणी तोडतील. तळोद्यात शिरताना पहिल्याच गतिरोधकावर तिचे पोट घासले, तेथपर्यंत सर्व ठीक होते. पुढे नाव बदलून घेण्याकरिता कागद परिवहन खात्यापुढे गेले, तेव्हा निघाले असे की नोंदणीपुस्तकाप्रमाणे ही एक जुनी, चार दरवाजांची, कोणत्याही डॉक्टराच्या अगर वकिलाच्या दारी दिसणारी साधी जपानी गाडी आहे! तिचे मूळ पत्रे कापून टाकून त्यांच्या जागी फायबरचे नवे अंग बसविलेले होते. सिंहाचे कातडे पांघरलेल्या गाढवाची गोष्ट आमच्या स्नेह्यांनी बालपणी शंभर वेळा ऐकली असेल. परंतु त्या गोष्टीतील गाढव विकत घेणारा कोणी नव्हता, म्हणून तिचा उपयोग झाला नाही. नाव बदलून मिळाले नाही, विमा कंपनीने हात वर केले, आणि विक्रेता दूरध्वनी उचलीत नाही. गाडी आता त्यांच्या वाड्यात कोंबड्यांस सावली देते.

येथपर्यंतच्या हकिकतीत आश्चर्य करण्याजोगे फारसे नाही. आश्चर्य पुढेच आहे. आमच्याच गावी शहाद्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या बांधणारा एक तरुण फिटर आहे. त्याने दोन वर्षे रात्री जागून पोलादी नळ्यांचा एक सांगाडा जोडला; अपघातात निकालात निघालेल्या एका छोट्या गाडीचे इंजिन पावतीसह खरेदी करून त्यात बसविले; ब्रेक नवे घातले; आणि कोणत्याही कारखान्याचे चिन्ह न लावता, ‘ही मी बांधलेली गाडी आहे, हिची काय पाहिजे ती परीक्षा घ्या, आणि पास करा,’ असा सरळ अर्ज करावयास तो गेला. त्यास सांगण्यात आले की अशा अर्जाचा नमुनाच नाही. त्याची गाडी आज ताडपत्रीखाली आहे. स्नेह्यांची गाडी खोटे बोलत होती, म्हणून ती आमच्या स्नेह्यांकडे येण्यापूर्वी तीन वर्षे मुंबईच्या रस्त्यावर धावली. या मुलाची गाडी खरे बोलली, म्हणून ती एक दिवसही धावली नाही. ही व्यवस्था ज्या कोणास न्याय्य वाटत असेल त्याच्याशी आमचे भांडण आहे.

भांडणास आरंभ करण्यापूर्वी दोन शब्दांचा घोटाळा दूर करणे अवश्य आहे. ‘रेप्लिका’ आणि ‘किट’ हे दोन शब्द आमच्याकडील शौकीन एकाच अर्थाने वापरतात. रेप्लिका म्हणजे प्रतिकृती. किट म्हणजे सुट्या भागांचा संच, जो घेणाऱ्याने घरी जोडावयाचा. पहिलीत रूप उसने असते, दुसरीत श्रम स्वतःचे असतात. प्रतिकृती ही स्वभावतःच पाप आहे असेही आमचे म्हणणे नाही. एकोणीसशे साठच्या दशकातील ‘कोब्रा’ या गाडीच्या प्रतिकृती करणारे कित्येक कारखाने इंग्लंड-अमेरिकेत आहेत, आणि ते आपले नाव सांगून, ही प्रतिकृती आहे असे सांगून ती विकतात. राजवाड्याच्या धर्तीवर घर बांधणे हा अपराध नव्हे. त्या घरात बसून स्वतःस राजा म्हणवून कर गोळा करणे हा अपराध होय.

सुट्या संचाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. कॉलिन चॅपमन या इंग्रज यंत्रज्ञाने १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ नावाची गाडी काढली. तिचे सर्व तत्त्व हलकेपणात होते. इंजिन लहान, दरवाजे जवळजवळ नाहीत, वजन सुमारे पाचशे किलो. आमच्याकडील बैलजोडीही याहून भारी भरावी. त्या काळी इंग्लंडात तयार मोटारीवर खरेदी-कर असे, सुट्या भागांवर नसे. म्हणून गाडी संचरूपाने विकली जाई. सरकारने अट घातली होती की संचाबरोबर जोडणीची कृती देता कामा नये. तेव्हा कारखान्याने गाडी सुटी करण्याची कृती छापून दिली, आणि घेणाऱ्याने ती शेवटाकडून आरंभाकडे वाचावी अशी सोय केली, असे सांगतात! १९७३ साली करपद्धती बदलली आणि ही गंमत संपली. परंतु गाडी संपली नाही. त्याच साली ‘कॅटरहॅम’ने तिचे हक्क घेतले आणि तो वंश अद्याप चालू आहे. लबाडी करावयाची ती कराशी केली, ग्राहकाशी नव्हे, एवढे तरी त्या लोकांच्या बाजूने म्हटले पाहिजे.

हे सर्व परदेशी चोचले आहेत, आमच्या मातीत असले काही उगवत नाही, असे कोणी म्हणेल तर त्यास आम्ही इचलकरंजीस पाठवू. तेथील शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली स्वतःच्या कल्पनेने एक छोटी मोटार बनविली आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे ते तिच्यात एकामागून एक सुधारणा करीत राहिले. तिचे नाव ‘मीरा’. पाट्यांच्या ऐवजी रबराची योजना, लहान इंजिन, आणि सामान्य गृहस्थास परवडावी अशी सुमारे १२,००० रुपये किंमत, असा तो बेत होता. गाडी रस्त्यावर चालून दाखविण्यात आली. परंतु कारखाना काढण्याचा परवाना त्यांस मिळाला नाही. त्याच सुमारास, १९७० साली, छोट्या मोटारीकरिता इरादापत्र कोणास मिळाले हे सर्वश्रुत आहे. संजय गांधींनी त्यापूर्वी किती मोटारी चालवून दाखविल्या होत्या, हा प्रश्न विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती. ‘मीरा’ गेली, आणि तिच्याबरोबर महाराष्ट्रातील लहान कारागिराने मोटार बांधण्याची कल्पनाही जवळजवळ गेली.

जवळजवळ म्हणण्याचे कारण असे की ती पुरती मरत नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावच्या एका कारागिराने भंगारातून सुमारे साठ हजार रुपयांत एक चिमुकली जीप उभी केली. ती पायाने किक मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिची उघड प्रशंसा केली, आणि ती नियमांत बसत नसल्याने स्थानिक अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील हेही स्पष्ट सांगितले. पुढच्याच महिन्यात तिच्या बदल्यात त्या कारागिरास नवी बोलेरो मिळाली. वृत्तपत्रांनी या प्रसंगी आनंदाश्रू ढाळले. आम्हांसही संतोष झाला; परंतु आमच्या संतोषात एक खडा राहिला. कारागिराच्या गाडीस रस्ता मिळाला नाही, कारागिरास दुसऱ्याची गाडी मिळाली. कवीची कविता छापण्यास कायद्याने बंदी असावी आणि रसिकाने तिच्या बदल्यात त्यास दुसऱ्या कवीचा संग्रह भेट द्यावा, तशातला हा प्रकार झाला.

आता कायदा पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की मूळ उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने गाडीत करू नये. आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधिक कडक शब्दांत सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद अगर दर बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड ठरविला. या कलमाविरुद्ध आमची तक्रार नाही. आमच्या स्नेह्यांस ज्याने फसविले त्यास ते लागू पडले असते तर आम्ही पेढे वाटले असते. आमची तक्रार दुसऱ्या नियमाविषयी आहे. केंद्रीय नियमावलीच्या १२६ व्या नियमाप्रमाणे उत्पादकाने आपल्या गाडीचा नमुना मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. या संस्थांपैकी प्रमुख आमच्याच प्रांतात आहेत, पुण्याची ‘ए.आर.ए.आय.’ ही त्यांपैकीच. परंतु ही सर्व योजना हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्याच्या मापाने बेतलेली आहे. ज्यास आयुष्यात एकच गाडी बांधावयाची आहे त्याने तीच नमुना म्हणून द्यावी, आणि तिच्या परीक्षेकरिता गाडीच्या अनेक पट खर्च करावा, अशी ही व्यवस्था आहे. आघाताच्या परीक्षेत ती एकुलती एक गाडी भिंतीवर आपटून फोडली जाईल. मग पास झालेले प्रमाणपत्र त्याने कशास चिकटवावयाचे?

यावर आक्षेप येतो तो सुरक्षिततेचा, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. चांदसैलीचा घाट ज्यांनी पावसाळ्यात उतरून पाहिला आहे त्यांस ब्रेक म्हणजे काय हे शिकवावयास नको. ब्रेक निकामी झालेली गाडी कोणत्या कारखान्याची होती हे दरी विचारीत नाही. परंतु म्हणूनच तपासणी पाहिजे. तपासणीचा अभाव नको. इंग्लंडात एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करण्याची पद्धत १९९८ पासून आहे आणि २००९ पासून ती नव्या स्वरूपात चालते. निरीक्षक ब्रेक, दिवे, पट्टे, सुकाणू, इतकेच काय पण अंगास लागतील अशा टोकदार कडासुद्धा तपासतो. जिचे वय वा मूळ निश्चित करता येत नाही अशा गाडीस ‘क्यू’ या अक्षराचा क्रमांक देतात, म्हणजे तिच्या कुलशीलाविषयी शंका आहे हे तिच्या पाठीवरच लिहिलेले राहते. ही पद्धत आमच्याकडे असती तर आमच्या स्नेह्यांस गाडी घेताना पाटी वाचूनच सर्व कळले असते. जो कायदा तपासणीचा दरवाजाच ठेवीत नाही तो लोकांस खिडकीतून उड्या मारावयास शिकवितो.

दुसरा आक्षेप घेणारे गृहस्थ स्वदेशीचे अभिमानी आहेत. सुट्या संचांस मुभा दिली तर परदेशी माल येईल, असे त्यांस भय वाटते. आम्ही त्यांस नम्रपणे आठवण देतो की तो येऊन शंभर वर्षे होत आली. मुंबईस शिवडीत ‘जनरल मोटर्स’ने १९२८ पासून परदेशातून आलेले संच जोडून मोटारी काढल्या. आज चाकणला आणि शेंद्र्याला जर्मन मोटारी कशा तयार होतात? पेट्यांत सुटे भाग येतात व येथे जोडले जातात, आणि त्यांवरील जकात तयार गाडीच्या जकातीहून पुष्कळ कमी असते. म्हणजे ‘किट’ हा शब्द सरकारास ठाऊक नाही असे मुळीच नाही. तो मोठ्या पेटीवर लिहिलेला असला म्हणजे सवलतीचा होतो, फिटराच्या तोंडी आला म्हणजे गुन्ह्याचा होतो. सप्टेंबर २०१८ मध्ये तर उत्पादक कंपन्यांस, अगर त्यांच्या अधिकृत प्रतिनिधींस, परदेशी कसोट्यांस उतरलेल्या वर्षाकाठी २,५०० पर्यंत गाड्या येथील नमुना-परीक्षेवाचून आणण्याची मुभा देण्यात आली. आणि २४ जुलै २०२५ रोजी इंग्लंडाशी झालेल्या व्यापारकराराने ठराविक संख्येपुरती तिकडील मोटारींवरची जकात शंभर टक्क्यांच्या वरून क्रमाक्रमाने दहा टक्क्यांवर आणण्याचे ठरविले आहे. त्या मोटारी सुखाने येवोत. परंतु अडीच हजार परदेशी गाड्यांकरिता नियम वाकतो आणि तळोद्याच्या एका गाडीकरिता तो ताठ उभा राहतो, तेव्हा त्या ताठपणास आम्ही तत्त्वनिष्ठा म्हणणार नाही.

आमची मागणी फार मोठी नाही. स्वतः बांधलेल्या एकेका गाडीकरिता जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हे तर निदान पुण्यास किंवा अहिल्यानगरास, गाडी न फोडता होणारी, परवडेल अशा फीची तपासणी असावी. अशा गाड्यांची संख्या, वेग आणि पुनर्विक्री यांवर सरकारास जी बंधने घालावयाची असतील ती घालावी. आणि प्रतिकृती विकणाऱ्याने तिच्या आतील गाडीचे खरे नाव दर्शनी पाटीवर व विक्रीपत्रावर लिहून द्यावे. पन्नास वर्षांवरील जुन्या गाड्यांकरिता २०२१ साली सरकारने वेगळे नियम व ‘व्हीए’ हा वेगळा क्रमांक काढलाच ना? राजेरजवाड्यांच्या व शेठसावकारांच्या तबेल्यांतील म्हाताऱ्या मोटारींस जो मान मिळाला, तो एका फिटराच्या तरुण मोटारीस मिळण्यात कोणते राज्य बुडणार आहे?

स्नेह्यांची गोष्ट अर्धीच राहिली. परवा ते आमच्याकडे आले होते. गाडी विकावयाची आहे, आपल्या ओळखीचे गुजरातेकडील कोणी शौकीन गिऱ्हाईक असेल तर सुचवा, असे म्हणाले. किंमतही त्यांनी, मोडलेली सोडून, मूळचीच सांगितली. त्या गिऱ्हाइकास नोंदणीपुस्तक आधी दाखवाल ना, असे आम्ही विचारले. त्यावर त्यांनी चहा संपविला, आणि पावसाचा रंग दिसतो, असे म्हणून ते उठले.