व्हिसा हाती आल्यावरच तिकीट : जोडीदाराच्या प्रतीक्षेतील हिशेब

डिसेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात भारतातील अनेक अर्जदारांना अमेरिकी दूतावासाकडून ई-मेल आले. एच-१बी या कामाच्या व्हिसासाठी आणि त्यावर अवलंबून असलेल्या पती वा पत्नीच्या एच-४ व्हिसासाठी ठरलेल्या मुलाखती पुढे ढकलण्यात आल्याचे त्यांत कळविण्यात आले होते. १५ डिसेंबरपासून या अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सक्तीची करण्यात आली होती. परिणामी डिसेंबरच्या उत्तरार्धातील अनेक मुलाखती थेट मार्च २०२६ वर किंवा त्याही पुढे गेल्या. जुन्या तारखेला आल्यास प्रवेश मिळणार नाही, असेही दूतावासाने स्पष्ट केले. मुलाखतीची तारीख गृहीत धरून ज्यांनी परतीची तिकिटे काढली होती, त्यांच्या हाती तिकीट राहिले, परंतु त्याचा उपयोग उरला नाही.

बंगळूरुसारख्या शहरात या घटनेचे पडसाद उमटणे स्वाभाविक होते. एच-१बी मंजुरींपैकी ७० टक्क्यांहून अधिक भारतीयांच्या वाट्याला येतात आणि माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे हे प्रमुख केंद्र आहे. पुणे, बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर येथून नोकरीसाठी येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही एक जोडीदार परदेशात रुजू झालेला आणि दुसरा व्हिसाची वाट पाहत असलेला, हे चित्र नवे नाही. अशा कुटुंबांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो तिकिटाचा. आधी काढावे तर ते वाया जाण्याची भीती, नंतर काढावे तर भाडे वाढण्याची भीती.

मुलाखत म्हणजे व्हिसा नव्हे

या प्रश्नाचे अधिकृत उत्तर सरळ आहे. व्हिसा मिळण्याची हमी नसल्याने तो हाती येईपर्यंत प्रवासाचे अंतिम बेत आखू नयेत किंवा तिकिटे खरेदी करू नयेत, असा सल्ला अमेरिकेचे परराष्ट्र खाते अर्जदारांना देते. हा सल्ला पुष्कळदा औपचारिक समजून दुर्लक्षिला जातो. प्रत्यक्षात त्यामागे प्रक्रियेची रचना आहे.

मुलाखतीत अधिकाऱ्याने संमती दर्शविली तरी पारपत्र वकिलातीकडेच राहते. व्हिसाचा शिक्का छापला जाऊन ते ठरलेल्या केंद्रावर परत येण्यास काही दिवस लागतात. याच टप्प्यावर अमेरिकी स्थलांतर कायद्याच्या कलम २२१(जी) खाली अर्ज अधिक चौकशीसाठी रोखून धरला जाऊ शकतो. अशा वेळी संकेतस्थळावर ‘नाकारला’ असा शेरा दिसतो. हा नकार अंतिम नसतो, मात्र चौकशी किती दिवस चालेल याची कोणतीही मर्यादा अर्जदाराला सांगितली जात नाही. याचा अर्थ असा की मुलाखतीचा दिवस आणि प्रवासाचा दिवस यांच्यातील अंतर अर्जदाराला आधी मोजता येत नाही. जे अंतर मोजता येत नाही त्यावर आधारून ठराविक तारखेचे तिकीट काढणे हा अंदाज ठरतो, नियोजन नव्हे.

अवलंबून असलेल्या जोडीदाराला आणखी एक बंधन असते. मुख्य अर्जदाराच्या आधी त्याला एच-४ वर अमेरिकेत जाता येत नाही. बरोबर जावे लागते किंवा नंतर. मुख्य अर्जदारालाही मंजुरीच्या मुदतीपूर्वी जास्तीत जास्त दहा दिवस प्रवेश मिळू शकतो. काम १ ऑक्टोबरला सुरू होणार असेल, तर २१ सप्टेंबरपूर्वीचे तिकीट दोघांपैकी कोणाच्याच कामाचे नसते.

बंगळूरुची अडचण

बंगळूरुकरांच्या अडचणीत भूगोलाचीही भर पडत आली आहे. १७ जानेवारी २०२५ रोजी येथे अमेरिकी वकिलातीचे उद्घाटन झाले, तेव्हा परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर आणि तत्कालीन राजदूत एरिक गार्सेटी उपस्थित होते. मात्र उद्घाटनाच्या वेळी तेथे व्हिसाची सेवा सुरू झालेली नव्हती. वर्षानुवर्षे येथील अर्जदारांनी बोटांचे ठसे आणि मुलाखत यांसाठी चेन्नई, हैदराबाद वा मुंबई गाठली आहे. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीविना नूतनीकरणाची सवलत बहुतेक गटांसाठी बंद झाली आणि अर्ज स्वतःच्या किंवा निवासाच्या देशातच करावा, असा दंडकही आला. त्यामुळे अन्य देशात जाऊन लवकर तारीख मिळविण्याची वाट अरुंद झाली आणि भारतातील रांग वाढली.

युरोपचे गणित काहीसे निराळे आहे. ९० दिवसांपर्यंतच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करता येतो आणि निर्णय सामान्यतः १५ दिवसांत, क्वचित ४५ दिवसांत व्हावा, असे तेथील व्हिसा संहिता सांगते. म्हणजे वाट पाहण्यालाही कमाल मर्यादा आहे. मात्र जोडीदाराकडे कायम राहायला जाणाऱ्यांना त्या त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो आणि त्याला ही मुदत लागू नसते. अल्पकालीन व्हिसाच्या अर्जासोबत प्रवासाचे आरक्षण मागितले जाते, म्हणून काही अर्जदार दलालांकडून बनावट आरक्षणपत्रे घेतात. खोटी कागदपत्रे हे नकाराचे स्वतंत्र कारण ठरू शकते, हे या वेळी विसरले जाते. रद्द करता येणारे खरे आरक्षण हाच येथे सुरक्षित मार्ग होय.

परताव्याचा कायदा कोणासाठी?

तिकीट वाया गेल्यास पैसे परत मिळतील, असा एक समज आढळतो. त्याला करोनाकाळाचा संदर्भ आहे. जून २०२० मध्ये अमेरिकेने एच-१बी आणि एच-४ व्हिसाधारकांच्या नव्या प्रवेशावर निर्बंध घातले आणि ते मार्च २०२१ अखेरपर्यंत राहिले. त्यानंतर मे २०२१ मध्ये भारतातून येणाऱ्यांवर वेगळे निर्बंध आले, ते नोव्हेंबरपर्यंत टिकले. त्या काळात अनेक दांपत्ये दोन खंडांत विभागली गेली. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाळेबंदीत रद्द झालेल्या उड्डाणांच्या परताव्याबाबत निर्देश दिले. परंतु तो निकाल विमान न उडाल्याबद्दल होता. विमान वेळेवर उडाले आणि प्रवाशाकडे व्हिसा नव्हता, तर ती जबाबदारी प्रवाशाचीच मानली जाते.

अशा प्रवाशाला मिळणारे संरक्षण मर्यादित आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१६ मधील सुधारित नियमांनी रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा अधिक नसावे, असे ठरविले. परतावा न मिळणाऱ्या तिकिटांवरही सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत करावे, अशी तरतूद केली. प्रवासाला किमान सात दिवस असल्यास आरक्षणानंतर २४ तास विनाशुल्क रद्द करण्याची मुभाही त्यात होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही मुभा ४८ तासांची करण्याचा प्रस्ताव मसुद्यात मांडला गेला. मात्र तास २४ असोत वा ४८, आठवडे आणि महिने चालणाऱ्या व्हिसा प्रक्रियेपुढे ते अपुरेच आहेत. शिवाय परदेशी कंपन्यांचे परतावे त्यांच्या मूळ देशाच्या नियमांवर अवलंबून असतात.

म्हणून स्वस्त आणि महाग तिकिटांतील फरकाकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. परतावा देणारे किंवा तारीख बदलू देणारे तिकीट महाग असते. तो जादा पैसा म्हणजे अनिश्चिततेची किंमत होय. अपरिहार्य कारणाने आधीच तिकीट काढावे लागले, तर ही किंमत मोजणे सहसा शहाणपणाचे ठरते. दोघांची तिकिटे स्वतंत्र पीएनआरवर ठेवली, तर एकाचा व्हिसा अडकला म्हणून दुसऱ्याचा प्रवास विस्कटत नाही. विम्यावर विसंबणाऱ्यांनी अटी वाचाव्यात. व्हिसा नाकारला जाणे आणि त्याला विलंब होणे या विम्याच्या भाषेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिकिटापेक्षा मोठा निर्णय

तथापि या साऱ्या चर्चेत खरा धोका नजरेआड होतो. तिकिटाचे नुकसान काही हजारांचे किंवा फार तर एक-दोन लाखांचे असते. नोकरीचा राजीनामा, घराचा करार मोडणे, मुलांचा शाळेचा दाखला काढणे हे निर्णय मागे घेणे त्याहून कठीण. बंगळूरुतील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत सूचनाकाळ दोन ते तीन महिन्यांचा असतो. त्यामुळे मुलाखतीची तारीख मिळताच राजीनामा देण्याचा मोह होतो. एच-४ वर अमेरिकेत गेलेल्या जोडीदाराला लगेच नोकरी करता येत नाही. २०१५ च्या नियमाने कामाची परवानगी खुली झाली, तीही मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराची कायम वास्तव्याची प्रक्रिया विशिष्ट टप्प्यावर पोहोचली आहे, त्यांनाच. म्हणजे येथील नोकरी गेली, तेथील परवानगी नाही आणि व्हिसाही अडकलेला, अशी तिहेरी कोंडी होऊ शकते. सूचनाकाळ कमी करून मिळेल का, किंवा आधी बिनपगारी रजा घेता येईल का, ही विचारणा म्हणूनच तिकिटाच्या चौकशीआधी व्हायला हवी.

धोरणे रातोरात बदलू शकतात, हे सप्टेंबर २०२५ मध्येही दिसले. नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा १९ सप्टेंबरला झाली आणि परदेशात असलेल्यांनी मिळेल त्या भावाने परतीची तिकिटे घेतली. दुसऱ्याच दिवशी हे शुल्क विद्यमान व्हिसाधारकांना लागू नसल्याचा खुलासा आला. घाईने मोजलेले भाडे मात्र परत आले नाही.

तेव्हा क्रम असा ठेवणे इष्ट : आधी शिक्क्यासह पारपत्र हाती, त्यावरील नाव, जन्मतारीख आणि मुदत यांची पडताळणी, त्यानंतर राजीनामा आणि अखेरीस तिकीट. शेवटच्या आठवड्यातील तिकीट महाग पडेल, हे खरे. परंतु विमानतळावरील खिडकीशी व्हिसा तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला भाडे किती वाचले याच्याशी कर्तव्य नसते. कागदपत्रे अपुरी असलेला प्रवासी नेल्यास कंपनीलाच दंड होतो, म्हणून तो प्रवासी तेथेच थांबवला जातो.

अर्जदाराने सावध राहावे, हा सल्ला रास्त असला तरी पुरेसा नाही. विलंब सरकारे करतात, नियम तीच बदलतात आणि त्याची किंमत मात्र विभक्त राहणारी कुटुंबे मोजतात. युरोपने किमान अल्पकालीन व्हिसासाठी निर्णयाची मुदत लिहून ठेवली आहे. कुटुंबासोबत राहण्यासाठी जाणाऱ्यांनाही अशी मुदत मिळाली आणि व्हिसाच्या विलंबाचा पुरावा दिल्यास तारीख बदलून देण्याची तरतूद विमान कंपन्यांनी स्वीकारली, तर तिकीट केव्हा काढावे हा प्रश्न पुन्हा भाड्याच्या चढउतारापुरता उरेल.