डाळजलाच गाडी कां थांबते?

आमच्या एका वाचक भगिनीचें पुण्याहून आलेलें पत्र सध्यां आमच्यापुढें आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांत २००४ सालची एक मारुती ८०० आहे. मामंजींनीं ती सेवानिवृत्तीच्या वेळीं घेतली, आणि घरांतील दोन लग्नें, एक बाळंतपण व पंढरपूर-तुळजापूरच्या कितीएक यात्रा तिनें विनातक्रार पार पाडल्या. आतां ती वर्षांतून पांच-सहा वेळां सोलापूरला, म्हणजे पत्रलेखिकेच्या माहेरीं, जाते. गेल्या वर्षभरांत ती वाटेंत चार वेळां बंद पडली, आणि चारही वेळां भिगवण मागें टाकल्यावर डाळजच्या आसपास! आधीं ती गचके देते, मग वेग उतरतो आणि शेवटीं इंजिन निमूटपणें थांबतें. पंधरा-वीस मिनिटें गेलीं कीं पुन्हां चालू होतें. येतांना मात्र हा प्रकार एकदांही घडलेला नाहीं.

घरांत यावर तीन पक्ष पडले आहेत. सासूबाईंच्या मतें ती जागाच वाईट आहे, तेथें एकदां नारळ फोडावा. मोठ्या दिरांनीं गाडी एका कारागिराकडे नेली. त्यानें पहिल्या खेपेस प्लग बदलले, दुसऱ्या खेपेस कॉईल आणि तिसऱ्या खेपेस आणखी कांहीं, आणि प्रत्येक वेळीं "आतां कटकट मिटली" असें सांगितलें. धाकटे दीर म्हणतात, गाडी भंगारांत द्यावी. चौथ्या खेपेस रात्रीचे साडेनऊ वाजले होते. सासूबाई आणि दोन मुलें यांना घेऊन अर्धा तास रस्त्याच्या कडेला अंधारांत उभें राहावें लागलें, आणि हातभर अंतरावरून मालमोटारी धडधडत जात होत्या. "तेव्हांपासून मी माहेरीं जाण्याचें नांव काढीत नाहीं," असें त्या लिहितात.

हें शेवटचें वाक्य वाचल्यावर, प्रश्न केवळ यंत्राचा आहे असें आम्हांस वाटेना. म्हणून या महिन्याचें सदर आम्ही सगळें त्यांच्यासाठींच राखून ठेवीत आहों.

प्रथम गाडीविषयीं दोन शब्द. मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजीं इंदिरा गांधींच्या हस्तें ग्राहकाच्या स्वाधीन झाली, आणि शेवटची जानेवारी २०१४ मध्यें कारखान्याबाहेर पडली. ७९६ घन सेंटिमीटरांचें, तीन नळकांड्यांचें तें चिमुकलें इंजिन थोड्या पेट्रोलवर पुष्कळ पल्ला मारी, म्हणूनच मध्यमवर्गीय घरांनीं तिला आपलेंसें केलें. २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागीं विजेच्या पंपानें पेट्रोल दाबून फवारण्याची योजना आली. पत्रांतली गाडी या दुसऱ्या पिढींतली आहे. तिचा पेट्रोलपंप टांकीच्या पोटांत, पेट्रोलांत बुडालेला असतो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां रोगाकडे वळूं. पेट्रोलच्या इंजिनास चालावयास हवा, पेट्रोल आणि योग्य क्षणीं ठिणगी एवढेंच लागतें. दाब शाबूत असला म्हणजे झालें. एखादा प्लग निकामी झाला, तर या इंजिनाची एक-तृतीयांश शक्ति जाते व तें बंद न पडतां थरथरत, अडखळत चालूं लागतें. शिवाय तो दोष पुण्यांत, अगदीं दाराशीं उभ्या असलेल्या गाडींतही दिसला असता. तो डाळजपर्यंत दबा धरून बसत नाहीं. तेव्हां प्लग बदलण्याचा खर्च हा निदानाचा खर्च नव्हता, तो अंदाजाचा खर्च होता. कॉईलची गोष्ट थोडी निराळी आहे. कॉईल तापली कीं ठिणगी देईनाशी होते आणि निवली कीं पुन्हां देऊं लागते, हें खरें. म्हणून कारागिराचा संशय अगदींच वावगा नव्हता. पण तापण्याचाच दोष असता तर सोलापूरहून येतांना, त्याच रस्त्यावर, कदाचित् भर दुपारीं, गाडी एकदां तरी थांबली असती कीं नाहीं? जातांना थांबते आणि येतांना थांबत नाहीं, तर जाण्यांत आणि येण्यांत फरक कोणता, हाच प्रश्न आधीं विचारावयास पाहिजे होता.

त्याचें उत्तर पत्रांतच, अगदीं ओझरतें, आलेलें आहे. मामंजींचा असा दंडक आहे कीं, गाडी महिना महिना उभी असते, तर टांकींत पैसे कशाला कोंडून ठेवावे? म्हणून निघतांना टांकींत आठ-नऊ लिटर पेट्रोल होईल इतकेंच घालतात आणि पुढें टेंभुर्णीला भरतात. परत निघतांना मात्र पत्रलेखिकेचे बंधु टांकी काठोकाठ भरून देतात.

आतां हिशेब मांडा. पुण्याहून डाळज शंभर किलोमीटरांच्या थोडें पुढेंच आहे. जुनी झालेली ही गाडी लिटरला अठरा किलोमीटर जाते असें धरलें, तरी तेथपर्यंत सहाएक लिटर संपतात. अठ्ठावीस लिटरांच्या टांकींत मग दोन-तीन लिटर उरतात. म्हणजे डाळज ही जागा दरवेळीं तीच येते, कारण टांकींतलें पेट्रोल दरवेळीं तेवढेंच उरतें! बिचाऱ्या डाळजनें कोणाचें काय वाईट केलें आहे? १९८० मध्यें पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचें पाणी त्याच्या उशाशीं पसरलें आहे, आणि हिंवाळ्यांत त्या पाणवठ्यावर रोहित पक्षी उतरतात. नारळ फोडावयाचाच असेल तर त्यांच्या दर्शनासाठीं फोडावा.

पेट्रोल तळाशीं गेलें कीं दोन गोष्टी घडतात. टांकींत बुडालेला पंप सभोंवारच्या पेट्रोलानेंच थंड राहतो. तें कमी झालें आणि पंप जुना असला, कीं तास-दीड तासाच्या सलग धांवेनंतर तो तापून मंद पडतो. दुसरें असें कीं, वर्षानुवर्षें तळाशीं सांचलेला गाळ आणि गंज शेवटच्या दोन लिटरांबरोबर पंपाच्या तोंडाशीं असलेल्या जाळीवर येऊन बसतो. गाडी थांबली म्हणजे पंप निवतो, गाळ खालीं बसतो, आणि पाव तासानें सर्व आलबेल! त्यामुळें कारागिराच्या दुकानांत गाडी नेहमींच निरोगी दिसते.

गंज कोठून आला? महिना महिना जवळजवळ रिकामी उभी असलेली लोखंडी टांकी पावसाळ्यांत ओली हवा आंत घेते, आणि रात्रीं ती हवा निवली कीं आंतल्या अंगाला दंव धरतें. त्यांत आतां इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ पासून देशांत सर्वत्र मिळणाऱ्या पेट्रोलांत सुमारें वीस टक्के इथेनॉल असतें. बारामती-इंदापूरचा हा मुलुखच उसाचा. माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर हीं गांवें साखर-कारखान्यांनींच ओळखलीं जातात. इथेनॉलनें शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु इथेनॉल पाणी शोषून घेतें, जुन्या टांकींतला चिकटलेला मळ सोडवितें, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व वाटा त्यासाठीं बनविलेल्या नसतात. एका लिटर इथेनॉलांत पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. नीति आयोगानें २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आराखड्यांतही अशा जुन्या गाड्यांचा पल्ला सहा-सात टक्क्यांनीं घटेल असा अंदाज दिला होता. म्हणून गाडी पूर्वी वीस देई ती आतां अठरा देते एवढ्यावरून इंजिन उघडूं नये. आधीं टायरांतली हवा पाहावी, चाकें हातानें मोकळीं फिरतात कीं ब्रेक धरून ठेवतात तें पाहावें, आणि कारागिरानें थर्मोस्टॅट काढून तर टाकला नाहीं ना, हें विचारावें. गाडी तापूं नये म्हणून तो काढून टाकण्याची एक वाईट चाल आपल्याकडे पडली आहे. त्यानें इंजिन सदा थंड राहतें, पेट्रोल अधिक पितें आणि लवकर झिजतें.

तर मग या कुटुंबानें काय करावें? आमची सूचना अशी कीं, पुढच्या खेपेस पुण्याहूनच टांकी पूर्ण भरून, दिवसाउजेडीं निघावें. डाळज निर्विघ्न ओलांडलें, तर आपला तर्क खरा ठरण्याचा पुष्कळ संभव आहे. गाडी तरीही थांबली, तर ती सुरक्षित उभी केल्यावर, निवण्यापूर्वीं, एक परीक्षा करावी. चावी फिरवून समोरचे दिवे लागेपर्यंतच थांबावें, इंजिन चालू करूं नये. निरोगी पंप त्या वेळीं गाडीच्या मागच्या भागांतून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुणतो. ही परीक्षा घरीं एकदां करून तो आवाज सर्वांनीं, मुलांनींसुद्धां, कानांत बसवून घ्यावा. बंद पडलेल्या गाडींत तो ऐकूं आला नाहीं, तर दोष पंपांत किंवा त्याच्या विजेच्या वाटेंत आहे. ऐकूं आला, तर पेट्रोल जाळींत अडतें आहे किंवा ठिणगीच पडत नाहीं, आणि पुढची तपासणी दाबमापक लावून कारागिरानें करावी. रस्त्यावर पेट्रोलची नळी सोडण्याचें किंवा ठिणगी पाहण्याचें धाडस कोणीही करूं नये. तापलेलें इंजिन, पेट्रोलचा वास आणि ठिणगी यांची संगत जीवघेणी आहे. रेडिएटरचें झांकणही गरम असतां उघडूं नये, आणि त्यांत वाटेवरच्या कूपनलिकेचें खारें पाणी ओतूं नये, कारण त्याची पुटें आंत बसतात.

समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला असेल तर तोही नोंदवावा. पण तो दिवा फिर्यादी आहे, न्यायाधीश नव्हे. यंत्रानें वाचलेला संकेत कोणत्या बाजूस गडबड आहे तें सांगतो, कोणता भाग बदलावा तें सांगत नाहीं. एखादी फाटलेली हवेची नळी निष्कारण संवेदकावर आळ आणते, आणि मग चांगला संवेदक बदलला जातो.

याकरितां घरांत एक वही घालावी. गाडी कोठें थांबली, किती वेळ चालली होती, टांकींत किती होतें, ऊन होतें कीं पाऊस, वेग किती होता, इंजिन झटक्यानें थांबलें कीं गचके देत, हें त्याच दिवशीं लिहावें. हें काम मोठ्या दिरांपेक्षां पत्रलेखिकाच चांगलें करतील. झटक्यानें थांबणें बहुधा विजेकडे बोट दाखवितें, गचके देत थांबणें पेट्रोलकडे; आणि हा तपशील त्यांच्याच पत्रांत होता, कारागिराच्या पावत्यांत नव्हता.

दोष पंपाचाच ठरला, तर पंपाबरोबर जाळी आणि गाळणी बदलावी, आणि मुख्य म्हणजे टांकी उतरवून धुवून घ्यावी. नाहीं तर नव्या पंपाचीही तीच गत होईल. जुना पंप परत मागून घ्यावा व त्याची जाळी उजेडांत धरून पाहावी. पंधरा वर्षें उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी तपासणीनंतर पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. त्या वेळीं तळाचा पत्रा गंजलेला आढळला, तर धाकट्या दिरांचें म्हणणें मान्य करावें. पंपासाठीं मात्र गाडी विकूं नये. आणि मामंजींना आमची विनंति आहे कीं, टांकी निदान अर्धी भरलेली ठेवावी. त्यांत कोंडलेले पैसे कोठें पळून जात नाहींत.

यदाकदाचित् पुन्हां कडेला थांबावें लागलेंच, तर चारही दिवे लुकलुकते ठेवावे, लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागें मांडावा, आणि सासूबाई व मुलें यांना गाडींत किंवा गाडीमागें न ठेवतां रस्त्यापासून दूर, कठड्याच्या पलीकडे न्यावें. राष्ट्रीय महामार्गाचा मदतीचा दूरध्वनि १०३३ हा आहे. तो वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावा. माहेरीं जाऊन आल्यावर टांकी कितपत भरली होती आणि डाळजला काय घडलें, तें पत्रलेखिकेनें आम्हांस अवश्य कळवावें.