दारावरचा डोळा

आमच्या कपाटात एक क्लिक थ्री कॅमेरा अद्याप जपून ठेवलेला आहे. ॲग्फाच्या नावाचा हा कॅमेरा एके काळी आपल्या बडोद्यातच तयार होत असे, आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मुंजी-बारशांची छायाचित्रे त्यानेच टिपलेली असतील. एका गुंडाळीत बारा चित्रे. मे महिन्याच्या भर दुपारी काढा की पौषातल्या पहाटे काढा, चित्र आपले सारखेच येई. त्याचे भिंग फार उच्च प्रतीचे होते असे मुळीच नाही. परंतु प्रकाश आत घेण्याचे छिद्र बारीक असल्याने भिंगाची थोडीफार चूक तो कॅमेरा पोटात घालीत असे. हा गुण किती मोलाचा होता, हे आम्हांस गेल्या वर्षीच्या एका प्रसंगाने कळले.

ग्वाल्हेरला लष्कर भागात आमच्या आत्याबाई एकट्या राहतात. कानांनी कमी ऐकू येते, म्हणून पुण्यास असलेल्या आमच्या आतेभावाने वाड्याच्या दारावर एक छोटा कॅमेरा बसविला. घंटा वाजली की चित्र त्याच्या फोनवर उमटते, आणि मग तो आईस फोन करून दार उघडण्यास सांगतो. व्यवस्था चांगली होती. मे महिन्यात आमचे काका, वय वर्षे ७४, केशर आंब्यांची करंडी घेऊन बडोद्याहून बहिणीकडे निघाले. गाडीत त्यांच्या फोनची बॅटरी संपली. दुपारी साडेतीनच्या सुमारास त्यांनी घंटा वाजविली, तेव्हा पुण्यास दिसली ती केवळ एक पुसट आकृती. चेहऱ्याच्या जागी नुसता डाग! त्या आळीत नुकत्याच दोन चोऱ्या झालेल्या. “कोणी अनोळखी दिसतो, दार उघडू नकोस,” असे मुलाने आईस बजावले. आवाज देण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. काका पाऊण तास लू सोसत पायरीवर बसून होते. शेजारच्या बाईंनी पाहिले नसते, तर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही.

दुकानदार म्हणाला, काचेवर धूळ बसली असेल. काच पुसून झाली. दुपारी पुन्हा तेच. मात्र सकाळी चित्र स्वच्छ, रात्री दहानंतरही स्वच्छ. पुढे जानेवारीत तर उलटाच प्रकार आढळला: पहाटे दाराशी उभ्या माणसाचा चेहरा बरा दिसे, पण समोरच्या घरावरची पाटी वाचता येईना. धूळ काही असा ऋतू पाहून जागा बदलीत नाही. दोष होता तो भिंगाचा आणि उष्णतेचा.

असे का व्हावे? या चिमुकल्या कॅमेऱ्यांची भिंगे बहुधा प्लास्टिकची असतात. साच्यात ओतून हवा तो वक्र देता येतो, वजन कमी आणि किंमतही थोडी. परंतु ॲक्रिलिकसारखे प्लास्टिक तापले म्हणजे काचेच्या सुमारे दसपट प्रसरण पावते. शिवाय ते विरळ होऊन प्रकाशकिरणांना पूर्वीइतके वाकवीत नाही, आणि हा दुसरा परिणाम पहिल्याहून मोठा असतो. दोन्ही मिळून भिंगाचे नाभीय अंतर वाढते, म्हणजे प्रतिमा नेमली त्या जागेच्या मागे पडू लागते.

थोडा हिशेब करून पाहू. चार मिलिमीटर नाभीय अंतराचे एकच ॲक्रिलिकचे भिंग घेतले, आणि कारखान्यात २५ अंशांवर ते बरोबर जुळविले. पश्चिमेच्या भिंतीवर, ४५ अंशांच्या उन्हात, काळ्या डबीचे तापमान ६५ अंशांपर्यंत सहज जाते. या चाळीस अंशांनी प्रतिमा सुमारे ४५ मायक्रॉन मागे सरकते. म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमीच. पण अंधारातही दिसावे म्हणून या भिंगाचे तोंड मोठे ठेवलेले असते, आणि प्रतिमा टिपणारे ठिपके दोन-दोन मायक्रॉनचे. तेथे चार मायक्रॉन इकडे आणि चार तिकडे एवढीच काय ती मोकळीक! उलट थंडीत प्रतिमा पुढे येते, म्हणून जवळचे नीट दिसते आणि दूरचे पुसटते. पाटीचे कोडे असे उलगडले.

मग सरळ काचेचे भिंग का वापरू नये? आम्हांसही प्रथम असेच वाटले होते. काचेच्या भिंगाची नाभी जवळजवळ हलत नाही हे खरे. पण ते भिंग प्लास्टिकच्या नळीत बसविले, तर तेवढ्याच उष्णतेने ती चार मिलिमीटरची नळीच अकरा मायक्रॉन लांब होते. चूक भिंगाची नव्हे, बिऱ्हाडाची! ॲल्युमिनियमच्या नळीत हीच वाढ चारांहून कमी राहते.

येथे आम्हांस दिवाणखान्यातील लंबकाच्या घड्याळाची आठवण होते. लंबकाची पोलादी दांडी उन्हाळ्यात लांबते, आणि दहा अंशांच्या फरकाने घड्याळ दिवसाकाठी सुमारे पाच सेकंद मागे पडते. जॉन हॅरिसन या इंग्रज कारागिराने १७२६ च्या सुमारास यावर जो तोडगा काढला, तो आम्हांस अजूनही विलक्षण वाटतो. न वाढणारा धातू शोधीत न बसता त्याने पोलादाच्या आणि पितळेच्या दांड्या आलटून पालटून अशा जोडल्या की, पोलाद लंबकास जेवढे खाली ढकलील, तेवढेच पितळ त्यास वर उचलील. (न वाढणारा म्हणावा असा धातू पुढे १८९६ साली गियोम यांनी शोधला. लोखंडात ३६ टक्के निकेल मिसळलेल्या त्या ‘इनव्हार’चे स्मरण ठेवून त्यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.)

आजचे भिंगकर्ते हॅरिसनच्याच वाटेने जातात. किरण एकत्र आणणाऱ्या प्लास्टिकच्या भिंगासोबत ते किरण फाकविणारे दुसरे भिंग असे बेततात की, उष्णतेने एकाची चूक दुसऱ्याने खावी. किंवा मुख्य वाकविण्याचे काम एका काचेच्या भिंगावर सोपवून प्लास्टिकच्या भिंगांकडे केवळ कडांची सफाई ठेवतात. जी थोडी कसर उरते, तिच्याएवढीच वाढणारी नळी निवडली की प्रतिमेबरोबर तिची बैठकही मागे सरकते. मोबाईल फोनमध्ये हा दोष सहसा जाणवत नाही, कारण तेथे बारीक मोटर प्रत्येक वेळी भिंग हलवून जुळवून घेते. दारावरच्या स्वस्त डोळ्यांस आणि मोटारींच्या पाठीमागे बसविलेल्या कॅमेऱ्यांस बहुधा अशी मोटर नसते.

आमच्या गोव्याच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. ॲक्रिलिक दमट हवेतले पाणीही पिते, वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत, आणि मग फुगते. सायक्लो-ओलेफिन जातीची प्लास्टिके जवळजवळ पाणी घेतच नाहीत. म्हणून चांगल्या भिंगांत त्यांची योजना करतात.

विकत घेताना खोक्यावर तापमानाच्या मर्यादा छापलेल्या दिसतील. पण त्या बहुधा यंत्र चालू राहण्याच्या असतात. चित्र स्पष्ट राहील असे वचन त्यांत नसते. दुकानदारास भिंगांत काच आहे का ते विचारावे, आणि शक्य तर दुपारच्या उन्हात बसवून पाहूनच पैसे द्यावेत.

आत्याबाईंचा कॅमेरा आता पश्चिमेच्या भिंतीवरून काढून छज्जाखाली, सावलीत लावला आहे. दुपारचे चेहरे ओळखू येतात. काका मात्र यंदा निघण्यापूर्वी दोन फोन घेऊन निघाले, आणि करंडीवर आपले नाव ठसठशीत अक्षरांत लिहून ती कॅमेऱ्यापुढे धरली.