अलंगची स्वस्ताई



वाचनालयासाठी टेबले, कपाटे आणि पार्टिशन अलंगहून आणावीत, असे मागच्या बैठकीत जवळजवळ ठरले. बडोदेकरांना यात नवीन काही नाही; जहाजावरचे सामान कित्येकांच्या घरी आहे. भाव ऐकून मीही खूश झालो. मी हिंदी माध्यमात शिकलो. तिकडे म्हणतात, ‘महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार’. इथे मात्र रडणारा दुसराच असतो.

भावनगर जिल्ह्यातील अलंगला १९८३ पासून जहाजे मोडली जातात. खंभातच्या आखातात भरती फार मोठी. त्या पाण्यावर जहाज किनाऱ्यावर चढवतात, ओहोटीला ते कोरडे पडते आणि ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशचे मजूर गॅस कटरने ते कापतात. पोलादाच्या सळया होतात, हे चांगलेच. पण जुन्या जहाजांत अ‍ॅसबेस्टॉस असतो. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो. तोवर मजूर गावी परतलेला असतो. त्याचा हिशेब कोण ठेवणार?

जहाजाचा मालक मोडीचे पैसे घेऊन मोकळा होतो. सुरक्षेवर खर्च कमी, तिथे त्याला भाव जास्त! घातक कचरा दुसऱ्या देशात पाठवण्यावर १९८९ च्या बाझल कराराने बंधने घातली. पण जहाज दलालाला विकायचे, शेवटच्या फेरीपुरता कोमोरोस किंवा पलाऊचा झेंडा लावायचा, की युरोपचे जहाज युरोपचे राहत नाही.

क्लेमान्सो ही फ्रान्सची विमानवाहू नौका मात्र सरकारी होती. अ‍ॅसबेस्टॉसवरून गदारोळ झाला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी तिला अर्ध्या वाटेवरून परत बोलावले. पुढे ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला मोडली. म्हणजे श्रीमंत देशांना हे काम घरी करता येते. महाग पडते, एवढेच.

अलंगमध्ये सुधारणाही झाल्या आहेत, हे नाकारू नये. जहाजमोडणीचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झाला आहे. अलंग बंद पडावे असे मी म्हणणार नाही. हजारो चुली त्यावर पेटतात.

टेबले, कपाटे जरूर आणू. जहाजाच्या खोल्यांची पार्टिशन मात्र नकोत. त्यांत अ‍ॅसबेस्टॉस असू शकतो आणि खिळे ठोकताना धूळ मुलांच्या अंगावर येईल. ती इथल्या सुताराकडून करून घ्यावीत, असे मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. खर्च वाढेल. पालकांनी आपले मत कार्यालयात लेखी द्यावे.