केसपेपर सर्वांचा, तर समजावणेही सर्वांसाठी

ससून रुग्णालय १८६७ साली डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून उभे राहिले. आज पुण्यातल्या सरकारी ओपीडीच्या रांगेत मराठीसोबत हिंदी, कन्नड, भोजपुरी, नेपाळी ऐकू येते. "बाहेरचे लोक वाढले म्हणून सेवा बिघडली," असे सर्रास म्हटले जाते. मला हे मान्य नाही. सेवा बिघडते ती वेगळ्या माणसांची तयारी न ठेवल्यामुळे.

क्षयरोगाचे औषध साधारण सहा महिने घ्यावे लागते. बांधकामावरच्या मजुराला हे त्याच्या भाषेत कळलेच नाही, तर खोकला थांबताच गोळ्या थांबतात. मग वॉर्डात शेरा मारला जातो, "हे लोक ऐकतच नाहीत." नोकरीत असताना हाच शेरा मी आपल्या वस्तीतल्या माणसांबद्दलही ऐकला आहे.

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातून आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात नेले. रुग्ण येऊ शकत नसेल, तर सेवेने त्याच्याकडे जायचे असते.

संविधानाचे कलम १५ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला राज्याला मनाई करते. महापालिकेचा दवाखानाही त्यात आला. म्हणून मागणी करूया: औषधाच्या सूचना चित्रांसह अनेक भाषांत द्या, मजूर वस्त्यांतल्याच शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका नेमा. आणि शेजारच्या लेबर कॅम्पमधली बाई गरोदर असेल, तर दवाखान्यात तिच्यासोबत आपणच जाऊया.

जय भीम!