सीमा सरकारने हलवली, पुरावा नातवाने शोधायचा

संतपूरहून पोटापाण्यासाठी उदगीरला येऊन राहिलेला माणूस १९५० साली परप्रांतीय नव्हता. दोन्ही गावे हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यातच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले, संतपूर आणि भालकी म्हैसूरकडे गेले, आणि त्या माणसाचे मूळ गाव एका दिवसात परराज्यात जमा झाले. आज त्याच्या नातवाला जातीचा दाखला हवा असेल, तर महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. जुन्या जनगणनेत आजोबांचे नाव सापडेल, ही आशा सोडलेली बरी. १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५ घरोघरच्या नोंदी कुणालाही पाहू देत नाही. अमेरिकेत ७२ वर्षांनी त्या नावानिशी खुल्या होतात, आपल्याकडे तशी मुदतच नाही. ही गुप्तता मोडावी, असे मी म्हणणार नाही. तिच्या भरवशावरच लोक प्रगणकाला खरे सांगतात.

पण मग उरलेले कागद वाचता येतील असे ठेवण्याची जबाबदारी सरकारवर येते. कागद आहेत: १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, तीर्थक्षेत्री उपाध्यायांनी गाववार लिहिलेल्या वह्या. अडचण वाचण्याची आहे. हैदराबादचा कारभार १८८४ पासून उर्दूत चाले, गावपातळीवरचे जुने कागद बरेचदा मोडीत आणि साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेतले. फसली १३५८ म्हणजे १९४८-४९, हे लातूरच्या तरुणाला कोण सांगणार? त्यात अनेक नोंदींत आडनाव नसते, फक्त स्वतःचे नि बापाचे नाव. म्हणून शोध आडनावापासून नव्हे, गावापासून सुरू करावा लागतो, आणि गाव तर सीमेपलीकडे.

जमिनीच्या कागदांत भूमिहीन सापडत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. शाळेचे तोंड न पाहिलेला मजूर, भटक्या जमातीतले कुटुंब, माहेरचे नाव पुसलेली बाई यांचा माग कोणत्याच दप्तरात धड लागत नाही. तेथे गावपंचनामा आणि वडीलधाऱ्यांचे जबाब यांना अधिक वजन द्यावेच लागेल. दुसरा आक्षेप बनावट नोंदींचा. मला तो उलटा वाटतो. मूळ पान सर्वांसमोर असेल तर मागाहून घुसडलेली ओळ लपत नाही. बंद कपाटातल्या, दोघातिघांनाच वाचता येणाऱ्या रजिस्टरात ती सहज लपते. मनावर घेतले तर शोध होतो, हे मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीने निजामकाळातील कुणबी नोंदींसाठी हैदराबादपर्यंत जाऊन दाखवले. तेच काम एका समाजापुरते वा एका आंदोलनापुरते का राहावे? महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणाने जुन्या बीदर जिल्ह्याचे दप्तर एकत्र स्कॅन करावे, देवनागरी आणि कन्नड लिप्यंतरासह गाववार खुले करावे, आणि सीमेपलीकडच्या तहसीलची प्रमाणित नक्कल अलीकडच्या कचेरीत ग्राह्य धरावी.