दुखतंय, हे सांगायचं कुणाला?

खेळाडूने आपल्या दुखापतीची नोंद स्वतःच करावी आणि ती करून घ्यायला मोबाइलमध्ये गप्पा मारणारा चॅटबॉट असावा, ही कल्पना चांगली आहे. पूर्वी खेळाडू मैदानाबाहेर बसला, तरच दुखापत मोजली जाई. गुडघ्याला पट्टी बांधून खेळत राहणारा त्या हिशेबात येतच नसे. ही उणीव ओळखून ऑस्लोच्या क्रीडा-दुखापत संशोधन केंद्रातल्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये एक प्रश्नावली मांडली. दर आठवड्याला चारच प्रश्न : खेळताना अडचण आली का? सराव कमी करावा लागला का? खेळावर परिणाम झाला का? दुखलं किती? प्रत्येक उत्तराला ० ते २५ गुण, एकूण १००. आकडा चढू लागला की वेळीच लक्ष द्यायचं.

चार प्रश्न विचारणं चॅटबॉटला सहज जमेल. पण आपल्या शाळांत तो आणायचा, तर दोन गोष्टींचा आधी विचार हवा.

पहिली भाषेची. आपली मुलं 'दुखापत झाली' असं क्वचितच म्हणतात. पाय मुरगळतो, पोटरीत गोळा येतो, कमरेत चमक भरते, मुका मार लागतो. उर्दू बोलणाऱ्या घरातला मुलगा 'मोच आ गई' म्हणेल. यातला प्रत्येक शब्द वेगळं दुखणं सांगतो. 'वेदनेची तीव्रता निवडा' असं छापील मराठीत विचारलं, तर मूल हाताला येईल ते बटण दाबेल. त्याला स्वतःच्या बोलीत, बोलून उत्तर देता आलं पाहिजे.

दुसरी भीतीची. खरं सांगितलं तर संघातून वगळतील, हे मुलाला ठाऊक असतं. मुलीचं त्याहून अवघड. आपल्या समाजात तिला मैदानापर्यंत पोहोचायलाच अम्मी-अब्बांची किती मनधरणी करावी लागते! गुडघा दुखतो हे घरी कळलं, तर उपचाराआधी खेळ बंद होईल, म्हणून ती गप्प राहते आणि दुखणं वाढत जातं.

२०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची संमती सांगितली आहे. ती हवीच. पण नुसती सही घेऊन भागणार नाही. पालकांना बोलावून समजवावं लागेल, की वेळेवर सांगितलेलं दुखणं बहुतेकदा विश्रांतीने आणि व्यायामाने आटोक्यात येतं, त्यासाठी खेळ सोडावा लागत नाही. उत्तरं कोण वाचणार, हेही मुलांना पहिल्याच दिवशी सांगावं. संघ निवडणाऱ्याच्या हाती ती जाऊ नयेत. आणि डोक्याला मार लागून उलटी झाली किंवा शुद्ध हरपली, तर चॅटबॉटने प्रश्न विचारत बसू नये. तडक दवाखान्यात न्यायला सांगावं.

खरं सांगणाऱ्याची जागा संघात शाबूत राहते, हे मुलांना आधी मैदानावर दिसलं पाहिजे. तेव्हाच ती मोबाइललाही खरं सांगतील.